दूनचा काठ: एका चालीची दोन नावं

मागच्या वेळी शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं की शब्द नसलेल्या संगीताला विषय असतो का. तेव्हा वेळ संपली होती, म्हणून मी "पुढच्या वेळी" म्हणून सुटका करून घेतली. आज ते टाळता येणार नाही. फक्त आज मी सिद्धान्तापासून सुरुवात करणार नाही. एकच चाल घेतो, स्कॉटलंडमधली, फिडलवर वाजवली जाणारी. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. वाद्य तेच, धरण्याची, गज ओढण्याची आणि मुख्य म्हणजे बसण्याची जागा वेगळी. मैफिलीच्या मंचावर असतं ते व्हायोलिन, नाचाच्या खोलीत कोपऱ्यात स्टुलावर बसून वाजतं ते फिडल. आधी ऐकू या. नाव मुद्दामच सांगत नाही.

(इथे चाल ऐकवली.)

काही जणांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू दिसलं. माझंही तसंच झालं होतं. १९७०च्या आसपास, विद्यार्थी असताना, पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीत मी सत्यजित राय यांचा 'चारुलता' पाहिला. त्यात बागेतल्या झोपाळ्यावर चारू एक गाणं गुणगुणते, रवींद्रनाथांचं 'फुले फुले ढोले ढोले'. ती चाल डोक्यात जी बसली ती बसलीच. पुढे पुष्कळ वर्षांनी एका परिषदेसाठी एडिंबराला गेलो होतो. संध्याकाळी एका पबमध्ये एक म्हातारे गृहस्थ फिडल वाजवत होते, आणि त्यांनी नेमकी हीच चाल काढली. मी उत्साहाने जाऊन त्यांना सांगितलं, "तुम्ही आमचं बंगाली गाणं किती सुंदर वाजवता!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच ओळखलं, आपण काहीतरी मोठा घोटाळा केलाय. (हशा.) पण माणूस सभ्य. म्हणाले, आम्ही याला 'बँक्स ओ' दून' म्हणतो, दूनचा काठ. आणि मग थोडं थांबून, जरा मिस्कीलपणे, "किंवा 'कॅलिडोनियन हंट्स डिलाइट'. कोण विचारतं त्यावर आहे."

ते शेवटचं वाक्य मी त्या दिवशी विनोद म्हणून ऐकलं. तो विनोद नव्हता. आजचं व्याख्यान म्हणजे त्या वाक्यावरचं भाष्य आहे असं समजा.

दून ही स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला, एअरशायरमधली एक छोटी नदी. लॉख दून नावाच्या तळ्यातून निघते आणि एअर शहराच्या दक्षिणेला समुद्राला मिळते. तिच्या काठी ॲलोवे नावाचं गाव आहे. तिथे १७५९ मध्ये रॉबर्ट बर्न्स जन्मला. स्कॉटलंडमध्ये बर्न्सचं स्थान काय हे सांगायला मला आपल्याकडे एक नाव पुरणार नाही. तुकोबांची लोकप्रियता आणि शाहिरांची रग एकत्र केली तर थोडं जवळ जाता येईल. असो. या चालीवर बर्न्सचे शब्द आहेत, इंग्रजी शाळांमधून ते जगभर गेले. एक फसवली गेलेली मुलगी नदीकाठाला विचारते आहे की मी अशी दुःखात असताना तू इतका कसा फुलतोस, आणि पाखरांना विचारते आहे की तुम्ही गाता तरी कशी. इतकंच. शेवटी गुलाब प्रियकर घेऊन गेला आणि काटा हिच्यापाशी राहिला.

आता हे माहीत झाल्यावर चाल पुन्हा ऐकली की काय होतं? पाणी ऐकू येतं. मला तरी येत असे. सहा मात्रांचा ठेका आहे, आपल्या दादऱ्यासारखा तीन-तीन. त्यात एक हेलकावा आहे. पहिली ओळ वर जाऊन हळूच खाली उतरते, दुसरी तेच पुन्हा करते, तिसरी एकदम वरच्या पट्टीत चढते आणि चौथी परत पहिल्यासारखी खाली येते. मी वर्गात मुलांना सांगत असे की बघा, ही वळणं घेत जाणारी नदी आहे, भूमीतून उगवलेलं संगीत असंच असतं. हे मी सांगितलेलं आहे, एकदा नव्हे, अनेक वर्षं. त्यामुळे पुढे जे बोलणार आहे ते प्रथम माझ्याविरुद्ध आहे.

या चालीचा जन्म कसा झाला ते खुद्द बर्न्सनेच लिहून ठेवलंय. १७९४च्या नोव्हेंबरात जॉर्ज थॉमसन या संपादकाला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो: एडिंबऱ्यात जेम्स मिलर नावाचे एक वकील होते. त्यांना हौस आली की आपणही एखादी अस्सल स्कॉटिश चाल करावी. सोबत स्टीफन क्लार्क हे ऑर्गनवादक होते. क्लार्क थट्टेत म्हणाले, सोपं आहे, हार्पसिकॉर्डच्या फक्त काळ्या पट्ट्या वाजवा, थोडा ठेका सांभाळा, स्कॉटिश चाल आपोआप होईल. मिलरनी खरंच तसं केलं. थोड्या दिवसांत एका चालीचा कच्चा आराखडा झाला, क्लार्कनी दुरुस्त्या केल्या, आणि ही चाल तयार झाली.

हार्मोनियम घरी असेल तर आज करून बघा. काळी तीनला सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्यांवर फिरा. सा, रे, ग, प, ध. मध्यम नाही, निषाद नाही. भूपाचे स्वर. भूप राग म्हणत नाही मी, नुसते स्वर म्हणतोय. राग म्हणजे सप्तकातून काढलेली यादी नव्हे हे या मालिकेच्या श्रोत्यांना सांगायला नको. पण इतकं कळतं की त्या काळच्या एडिंबऱ्यातल्या सुशिक्षित माणसाला 'स्कॉटिशपणा' कुठल्या स्वरांत राहतो हे पक्कं ठाऊक होतं. इतकं पक्कं, की त्याची थट्टा करता येत होती. ज्याची थट्टा होऊ शकते त्याची रीत ठरून गेलेली असते.

म्हणजे काय झालं? जी चाल मी भूमीतून उगवलेली म्हणून शिकवत होतो, ती एका हौशी वकिलाने, एका ऑर्गनवादकाच्या टोमण्यावरून, शहरातल्या दिवाणखान्यात, कळफलकाच्या काळ्या पट्ट्यांवर केली होती. नदी नाही, काठ नाही, मेंढपाळ नाही. आणि ती छापून आली १७८८ मध्ये, नील गाउच्या दुसऱ्या संग्रहात, 'द कॅलिडोनियन हंट्स डिलाइट' या नावाने.

नील गाउ हा पर्थशायरमधला, डंकेल्डजवळच्या इन्व्हर गावचा, त्या काळचा सर्वांत नावाजलेला फिडलवादक. अथॉलचे ड्यूक त्याचे आश्रयदाते. आणि कॅलिडोनियन हंट म्हणजे स्कॉटलंडमधल्या उमराव-जमीनदारांचा शिकारीचा क्लब. याच क्लबने बर्न्सच्या १७८७च्या एडिंबरा आवृत्तीच्या शंभर प्रती घेतल्या आणि बर्न्सने ती आवृत्ती त्यांना अर्पण केली. फिडलच्या चालींची नावं पाहिलीत तर त्यातली पुष्कळशी अशीच असतात: अमुक सरदारांचा निरोप, तमुक बाईसाहेबांची पसंती. ही नावं चालीचं वर्णन करत नाहीत. ती पावती असतात. कुणी नाचाला बोलावलं, कुणी पुस्तकासाठी वर्गणी दिली, त्याचं नाव चालीला. आपल्याकडे पोवाड्यात आश्रयदात्याचं नाव यायचं, तसाच व्यवहार. त्यात कमीपणा काही नाही, कलावंताला जेवायचं असतं.

बर्न्स त्याच पत्रात आणखी एक गंमत सांगतो. म्हणतो, आपल्या चालींचा उगम शोधणं किती अवघड आहे पाहा. ही चाल आयरिश आहे असं मला वारंवार ठासून सांगण्यात आलं. एका आयरिश गृहस्थांनी तर ती आयर्लंडमधल्या म्हाताऱ्या बायकांकडून ऐकल्याचं सांगितलं. उलट एका काउंटेस बाईंचं म्हणणं, की त्यांच्या ओळखीच्या एका सरदारपत्नीने आयल ऑफ मॅन बेटावर एका भटक्या पाइपवाल्याकडून ती उतरवून घेतली. चाल छापून झाल्याला जेमतेम सहा वर्षं झाली होती, आणि तिला दोन प्राचीन उगम मिळालेही होते! लोकांना चालीला भूमी हवी असते. वकील नको असतो.

ही भूक त्या काळात युरोपभर होती. मॅकफर्सनने ओसियनच्या नावाने जी काव्यं १७६०च्या दशकात आणली, त्यांनी स्कॉटलंडचं धुकं सगळ्या खंडावर पसरवलं. हर्डरने त्यावर लिहिलं, लोकगीतांचे संग्रह केले, आणि लोकांचं गाणं म्हणजे लोकांच्या मातीचा आवाज हा विचार रूढ झाला. मेंडेलसोहनची 'हेब्रिडीज' ही रचना घ्या. फिंगलची गुहा पाहून ती सुचली असं अजूनही सांगितलं जातं. त्याने सुरुवातीचे स्वर घरी पत्रात लिहून पाठवले ते ७ ऑगस्ट १८२९ला. गुहा पाहिली दुसऱ्या दिवशी.

इथे हान्सलिक हसत उभा असतो. १८५४च्या त्याच्या पुस्तकाबद्दल आपण पूर्वी बोललोय. ग्लुकच्या ऑपेऱ्यातलं ऑर्फियसचं विलापगीत, युरिडिसी हरवली म्हणून केलेला आक्रोश, त्याच सुरांवर "सापडली, माझी युरिडिसी सापडली" असे शब्द बसवले तरी तितकेच शोभतील, असा तो युक्तिवाद. सुरांना विषय नसतो, विषय शब्द आणतात. आपली चाल त्याला आयतीच सापडलेली साक्षीदार वाटेल. आधी शिकारी मंडळींचा आनंद, मग फसवल्या मुलीचं दुःख. स्वर तेच. खटला संपला.

मीही बरीच वर्षं इथेच थांबलो होतो. वर्गातलं नदीचं व्याख्यान बंद केलं, त्याऐवजी काळ्या पट्ट्यांची गोष्ट सांगून मुलांना हसवायला लागलो. निवृत्तीनंतर, कशासाठी तरी बर्न्सचे पाठभेद समोर ठेवून बसलो, तेव्हा लक्षात आलं की आपण दुसऱ्यांदा फसलोय. पहिल्यांदा भाबडेपणाने, दुसऱ्यांदा हुशारीने.

त्याचं असं आहे. या गीताचे तीन पाठ मिळतात, १७९१च्या आसपासचे. पहिले दोन लोकगीतांच्या साध्या मापात आहेत: एक ओळ आठ अक्षरांची, पुढची सहाची, पुन्हा आठ, पुन्हा सहा. कागदावर वाचायला हेच पाठ सरस आहेत. हे माझं एकट्याचं मत नाही, पुष्कळ जाणकार असंच म्हणतात. दुःख मोजक्या शब्दांत, कोरडं, जवळजवळ पुटपुटल्यासारखं. तिसरा पाठ, जो १७९२ मध्ये 'स्कॉट्स म्युझिकल म्युझियम'च्या चौथ्या खंडात या चालीसह छापला गेला आणि जगभर गेला, त्यात सगळ्या ओळी आठच्या आहेत. म्हणजे प्रत्येक दुसऱ्या ओळीत दोन-दोन अक्षरं भरावी लागली. कुठे एका विशेषणाच्या जागी दोन आली, कुठे आधीच भरलेल्या मनाला आणखी एक शब्द चिकटला. कागदावर ही भरती उघडी पडते. समीक्षक म्हणून मी ते गुळमुळीत म्हणेन.

पण गाऊन बघा. मी गायक नाही, तरीही गुणगुणून पाहिलं. सहा अक्षरांची ओळ या चालीवर बसतच नाही. दुसऱ्या ओळीच्या शेवटी चाल थांबायला तयार नसते, ती आणखी दोन पावलं चालते, आणि शब्द आधीच संपलेले असतात. स्वर ओढावे लागतात, आणि ओढले की मुलगी रडकी वाटायला लागते. ती दोन अक्षरं चालीने मागून घेतली आहेत. बर्न्सची पद्धतच तशी होती. एक चाल स्वतःच्या गळ्यात पुरती मुरल्याशिवाय मला तिच्यावर लिहिता येत नाही, असं त्याने थॉमसनलाच एका पत्रात कळवलं आहे.

आणि ती तिसरी ओळ. चाल जिथे वर चढते तिथे बर्न्सने काय ठेवलंय? पाखरू. फांदीवर गाणारं, हिचं काळीज फोडणारं पाखरू. पहिल्या ओळीत मुलगी काठाशी, जमिनीशी बोलते आहे, खालच्या सुरात. तिसऱ्या ओळीत चाल मान वर करते, आणि शब्दही मान वर करतात. चौथीत चाल पहिल्या जागी येते, तिथे जुन्या दिवसांची आठवण. तो चढाव मिलर-क्लार्कच्या चालीत आधीपासून होता. त्यांनी तो कशाला केला कुणास ठाऊक. बहुधा दोनदा तेच झाल्यावर काहीतरी वेगळं हवं म्हणून, जसा आपल्याकडे अंतरा वर जातो. त्यात पक्षी नव्हता, पण पक्षी बसायला जागा होती. गाउच्या पुस्तकातून ती चाल किती जणांनी वाजवली असेल, त्यांना ती जागा रिकामी आहे हे कळलं नव्हतं.

म्हणून हान्सलिकशी माझं भांडण एवढंच: चाल कुठल्या नदीची हे ती सांगू शकत नाही हे कबूल, अगदी नदीची आहे हेही सांगू शकत नाही. पण कोणतेही शब्द तिला सारखेच, हे खोटं. बर्न्सचे आधीचे, जास्त चांगले शब्द तिने परत पाठवले. एखादी वस्तू काही बोलत नसेल, तरी नकार देऊ शकते; सुताराला लाकडाचा हा अनुभव रोजचा असतो. दून या चालीत जन्माने नाही. ती तिथे आणून वसवली आहे, आणि वसवताना एका मोठ्या कवीला आपली चांगली ओळ बिघडवावी लागली आहे. आणि हे तो करत होता तेव्हा दूनच्या काठी राहतही नव्हता. डम्फ्रीजशायरमध्ये, निथ नदीच्या खोऱ्यात, एलिसलँड नावाच्या शेतावर होता. बालपणीची नदी, दुसऱ्या नदीकाठी बसून, दिवाणखान्यातल्या चालीवर.

आता रवींद्रनाथ. १८७८ ते ८० ते विलायतेत होते, तिथे स्कॉटिश-आयरिश गाणी ऐकली, शिकले. १८८२ मध्ये 'कालमृगया' या गीतिनाट्यात ही चाल आली. शब्द काय? फुलाफुलावर झुलणारी मंद हवा, लाटा उठवत खळखळत जाणारी नदी, कोकिळा, आणि कशासाठी कोण जाणे, जीव हाय हाय करतोय. बघा, पुन्हा नदी! कुणी म्हणेल, हा पुरावाच की, बंगाली माणसालाही नदीच ऐकू आली. मोह होतो, पण साक्ष ग्राह्य नाही. रवींद्रनाथांना चाल बर्न्सच्या शब्दांसकट मिळाली होती. मला त्यात भावतं ते वेगळंच. त्यांनी दून काढली आणि नुसती नदी ठेवली, फसवणारा प्रियकर काढला आणि नुसती हुरहूर ठेवली. कारणच काढून टाकलं. माझ्या मते सुरांच्या दृष्टीने हे बर्न्सपेक्षा जास्त प्रामाणिक आहे, कारण या चालीत हुरहूर आहे, तिचं कारण नाही. रायसाहेबांना ते बरोबर कळलं होतं. झोपाळ्यावरच्या चारूला त्या क्षणी तरी आपल्याला काय होतंय हे ठाऊक नाही.

आणि एक योगायोग सांगतो. मृगया म्हणजे शिकार. 'कालमृगया' ही दशरथाची ती शिकार, जिच्यात अंध ऋषींचा मुलगा बाणाने मरतो. म्हणजे शिकारी क्लबच्या नावाने छापलेली चाल फिरत फिरत शिकारीच्याच नाटकात जाऊन पोचली. मला हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो, यावर निबंध लिहायचा म्हणून. अर्थ शून्य आहे हो. शुद्ध योगायोग. पण दहा मिनिटं मला चालीत शिंगाचा आवाज आणि घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. सहा मात्रांचा ठेका, टापा काय, लाटा काय, झोपाळा काय, सगळं बसतं त्यात. नावाची ताकद कळायला याहून चांगला प्रयोग मला मिळाला नसता.

प्रश्न घेऊ या. हां, तुम्ही.

(श्रोता: नाव माहीत नसताना ऐकलं तर आपण अपुरं ऐकतो का?)

सुरुवातीला मी तुम्हाला नावाशिवायच ऐकवलं. काही अपुरं वाटलं का? नाही ना. मुलतानी ऐकताना मुलतान आठवतं का कुणाला? जौनपुरीत जौनपूर? नाव ऐकण्याआधीचं ऐकणं अपुरं नसतं, फक्त ते परत मिळत नाही. मला ही चाल आता काहीही केलं तरी नावाशिवाय ऐकता येत नाही. तुम्हालाही येणार नाही, त्याबद्दल क्षमस्व. (हशा.) त्या एडिंबऱ्याच्या आजोबांकडे दोन नावं होती आणि ते माणूस बघून एक काढत. मला वाटतं त्यांनी स्वतःला थोडी मोकळीक ठेवली होती.

(श्रोता: तुम्ही दून नदी पाहिलीत?)

पाहिली. त्याच परिषदेनंतर. आजचं दृश्य बर्न्सच्या वेळचं नाही बरं का. १९३०च्या दशकात वीजप्रकल्पासाठी लॉख दूनची पातळी वाढवली, काही पाणी दुसऱ्या खोऱ्याकडे वळवलं, तळ्यातल्या बेटावरचा जुना किल्ला दगड-दगड सोडवून काठावर पुन्हा बांधला. मी ॲलोवेच्या जुन्या एका कमानीच्या पुलावर उभा राहिलो. खाली गढूळ तपकिरी पाणी, दोन्ही बाजूंना झाडी, बऱ्यापैकी थंडी. मी वाट बघत होतो की आता चाल मनात सुरू होईल. झाली. फक्त शब्द आले बंगाली, आणि डोळ्यांसमोर झोपाळा.